लिंब येथील बारा मोटांची विहीर : शक कीं इसवी सन ?

शिरोलीहून महामार्गानें उत्तरेस निघालें म्हणजे कारखान्यांची वसाहत मागें पडून थोड्याच वेळांत वारणा ओलांडावी लागते. इ. स. १७३१ च्या तहानें सातारा व करवीर या दोन राज्यांची सीमा ठरली ती याच नदीच्या आधारानें. सातारकर शाहूंच्या काळचें उपवन पाहावयास निघालेल्या करवीरकरास हें आठवल्यावांचून राहत नाहीं. तें उपवन लिंब गांवाच्या शिवारांत, सातारा ओलांडून पुण्याच्या बाजूस आहे.

विहीर अष्टकोनी असून तिला लागून चौकोनी उपविहीर आहे. वरून पाहतां आकृति शिवलिंगासारखी दिसते. खोली सुमारें ११० फूट, रुंदी सुमारें ५० फूट. नांवांत मोटा बारा, जागा मात्र पंधरा मोजतात. आमराईस पाणी देणें हा विहिरीचा हेतु खरा. पण केवळ झाडांसाठीं पाण्यावर महाल कोणी बांधीत नाहीं. दोन विहिरींच्या मध्यें कोरीव खांबांचा महाल आहे, आणि तेथें वैशाखांतही पाण्याचा गारवा अंगास लागतो. कोंकणांत लोक उन्हाळे, तुरळ येथील ऊन पाण्याच्या कुंडांवर जातात. घाटावरील राजस्त्रियेनें थंड पाण्याची सोबत शोधली, इतकाच भेद.

ही राजस्त्री म्हणजे शाहू महाराजांच्या अंतःपुरांतील विरूबाई. विहिरीचें बांधकाम १६४१ ते १६४६ या वर्षांतलें. हे आंकडे शकाचे आहेत. तथापि कांहीं छापील माहितींत ते इसवी सनाचे म्हणून दिले जातात, आणि एकाचें पाहून दुसरा उतरून घेतो. शाहूंचा जन्मच इ. स. १६८२ चा, मोंगलांच्या कैदेंतून सुटका १७०७ ची, राज्याभिषेक १७०८ चा. इ. स. १६४१ मध्यें शिवाजी महाराजच अकरा वर्षांचे होते व हा मुलूख आदिलशाहींत होता. मग इ. स. १७४० मध्यें निवर्तलेल्या विरूबाईंनीं शंभर वर्षें आधीं विहीर कशी बांधविली ? शके १६४१ म्हणजे विकारी संवत्सर, इ. स. १७१९-२०, शके १६४६ म्हणजे क्रोधी, इ. स. १७२४-२५. असें धरलें म्हणजे सर्व जुळतें.

चूक क्षुल्लक वाटेल, पण तिनें कागदांचा शोध भलतीकडे जातो. लिंबच्या पाथरवटांचे, आंब्याच्या रोपांचे किंवा मोटेच्या बैलांचे हिशेब कोणाच्या रुमालांत असलेच, तर ते आदिलशाही फर्मानांच्या गठ्ठ्यांत सांपडावयाचे नाहींत. त्यांवर सुहूर सन अशरीन मया व अलफ पासून खमस अशरीन मया व अलफ पर्यंतचा असेल. संग्राहकांनीं या सहा वर्षांचे रुमाल एकदां सोडून पाहावे, अशी विनंति आहे.