कादंबरीशेजारी इतिहास

ऐतिहासिक कादंबरी वाचून इतिहास कळतो काय, असा प्रश्न घरातील मुले पुष्कळदा विचारतात. आम्ही त्यांस सांगतो, की कादंबरी अवश्य वाचावी. मात्र तिच्या शेजारी इतिहासाचा एखादा ग्रंथही असू द्यावा.

विश्वास पाटील यांची ‘पानिपत’ ही १९८८ सालची कादंबरी प्रथम घ्यावी. कोंडीत सापडलेल्या मराठी छावणीची उपासमार आणि भाऊसाहेबांच्या जिवाची घालमेल तीत वाचताना मन गलबलून जाते. ती मिटल्यावर त्र्यं. शं. शेजवलकर यांचा ‘पानिपत : १७६१’ हा ग्रंथ उघडावा. छावणीवर ही पाळी का आली, ते इतिहासाच्या अभ्यासातून उमगते. ऑक्टोबर १७६० मध्ये मराठ्यांनी कुंजपुरा घेतला. पण त्याच महिन्यात अब्दाली बागपतजवळ यमुना उतरला आणि मराठे व दिल्ली यांच्या मध्ये येऊन उभा राहिला. रसदेची वाट तुटली. पुढे १४ जानेवारी १७६१ रोजी उपाशी फौजेला रणांगणात उतरावे लागले.

वसईच्या वाचकांना तर दोन पुस्तके शेजारी ठेवण्याची ही सवय अधिकच अगत्याची आहे. मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसईचा किल्ला जिंकला. मराठ्यांचा तो विजय, पोर्तुगिजांचा पाडाव. आमच्या पूर्वजांचे काय? य. न. केळकर यांच्या ‘वसईची मोहीम’ या पुस्तकातून मराठ्यांचा पराक्रम समजून घ्यावा. त्याबरोबरच, गोव्यात जन्मलेले आणि मुंबईत वैद्यकी केलेले डॉ. जोसे गेर्सन द कुन्हा यांचा चौल व वसईच्या इतिहासावरील १८७६ चा इंग्रजी ग्रंथही पाहावा. किल्ला खाली करण्याच्या करारात मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रहिवाशांच्या उपासनेविषयीही कलम होते. शिबंदी मानाने बाहेर पडली, गलबते निघून गेली. शेतीवाडी धरून जे येथेच राहिले, त्यांचे आम्ही वंशज. विजयाच्या वा पाडावाच्या एकाच कथेत त्यांना पुरेशी जागा मिळत नाही. ती दोन्ही ग्रंथांच्या मधोमध शोधावी लागते.

येत्या सुट्टीत प्रत्येक घरी निदान अशी एक जोडी वाचली जावी. मोठ्यांनी मोठ्याने वाचावे, मुलांनी शंका विचाराव्यात, आणि दोन पुस्तके जेथे जुळत नाहीत, त्या पानावर जरा अधिक वेळ थांबावे, एवढीच आमची विनंती.