गिरणगावातील मॅनेजिंग एजंट

कावसजी दावर यांनी मुंबईतली पहिली कापडगिरणी १८५४ साली ताडदेवला काढली. पुढे परळ-लालबागेतही चिमण्या वाढल्या. भांडवल भागधारकांचे, कारभार मात्र मॅनेजिंग एजंटांच्या पेढीचा, अशी रीत पडली. एजंटाचे कमिशन सुरुवातीला बरेचदा नफ्यावर नसे; तयार सुताच्या पौंडामागे पाव आणा ठरलेला. म्हणजे गिरणी तोट्यात गेली तरी पेढीची चंगळ! सूत खपो वा गोदामात पडो, चात्या फिरत्या ठेवण्यातच तिचा लाभ. संचालक मंडळावर बहुधा एजंटाचेच सगेसोयरे. जाब विचारणार कोण? कंपनी कायद्यातल्या १९३६ च्या दुरुस्तीने एजंटाची मुदत २० वर्षांवर आणली, कमिशन निव्वळ नफ्याशी बांधले. १९५६ च्या कंपनी कायद्याने लगाम आणखी आवळला आणि एप्रिल १९७० मध्ये ही पद्धतच बंद झाली. मंडळावर जाब विचारणाऱ्या बाहेरच्या माणसाची सोय मात्र उशिराच झाली: शेअर बाजारातल्या कंपन्यांवर स्वतंत्र संचालकांची सक्ती सेबीने केली ती २००० साली.