पनवेलचे बेथ एल आणि वचनाची भूमी

पनवेलच्या बेने इस्राएल या यहुदी समाजाने १८४९ मध्ये सिनेगॉग बांधले, त्याचे नाव बेथ एल. बायबलमधल्या ‘उत्पत्ती’च्या २८ व्या अध्यायात याकोब दगड उशाला घेऊन निजतो, त्या ठिकाणाचे हे नाव. ज्या जमिनीवर तो पडला आहे ती त्याला व त्याच्या वंशाला मिळेल आणि तो वंश धुळीच्या कणांइतका वाढेल, असे वचन देव त्याला स्वप्नात देतो.

हे वचन आधी अब्राहामाला मिळाले होते. १५ व्या अध्यायात या वचनाला अट नाही. चिरलेल्या पशूंमधून धुमसती शेगडी आणि पेटती मशाल जाते, अब्राहाम जात नाही. म्हणजे बांधून घेतो तो देव. १७ व्या अध्यायात सुंता ही कराराची खूण ठरते. ‘अनुवाद’ हा बायबलमधला ग्रंथ मात्र बजावतो, की आज्ञा मोडल्या तर देशोधडीला लागाल. रब्बींच्या परंपरेने यांची सांगड घातली: भूमीवरचा हक्क कायम, तिथला वास आचरणावर अवलंबून.

अलिबागजवळ नवगावला गलबत फुटले आणि सात जोडपी वाचली, असे बेने इस्राएल आपले मूळ सांगतात. हिब्रू विसरली, व्यवसाय तेलघाण्याचा झाला, आडनावे पेणकर, नवगावकर अशी गावांवरून पडली. पण सुंता सुटली नाही आणि शनिवारी घाणा बंद राहिला. म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणू लागले. वंशाचे वचन ग्रंथावाचून टिकले, ही या इतिहासातली सर्वांत मोठी गोष्ट.

भूमीची आस प्रार्थनेत राहिली. मलिदा या विधीच्या ताटात पोहे, साखर, खोबरे, फळे मांडतात. एलियाहू हन्नाबी या संदेष्ट्याचे नाव घेतात, इसहाकाने याकोबाला दिलेला आशीर्वाद म्हणतात. मलाखीच्या ग्रंथात हाच संदेष्टा परमेश्वराच्या दिवसाआधी येणार आहे. त्यामुळे १८९७ मध्ये, यहुद्यांना त्या भूमीत परत वसवू पाहणाऱ्या पहिल्या झायोनिस्ट परिषदेचे निमंत्रण समाजाच्या धुरिणांनी नाकारले, ते या श्रद्धेला धरूनच होते: परत नेणे हे देवाच्या हातचे काम.

१९४८ नंतर बहुतेक कुटुंबे इस्राएलला गेली. तिथे भूमी मिळाली, पण वंशाविषयीच शंका घेतली गेली. तिथल्या यहुदी धर्मपीठाने १९६२ मध्ये त्यांच्या विवाहांपूर्वी पूर्वजांची चौकशी करण्याचा आदेश काढला. शतकानुशतके पाळलेल्या कराराचा हा अपमान होता. समाजाने जेरुसलेममध्ये धरणे धरले. ऑगस्ट १९६४ मध्ये क्नेसेटने, म्हणजे इस्राएलच्या संसदेने, बेने इस्राएल सर्व अर्थांनी यहुदी असल्याचे जाहीर केले आणि धर्मपीठाला आदेशातून त्यांचे नाव वगळावे लागले.