किंबर्ले क्लबची वास्तू

दक्षिण आफ्रिकेतील किंबर्ले हे हिऱ्यांच्या खाणींवर वसलेले नगर. तेथील क्लबची स्थापना १८८१ साली झाली. सेसिल ऱ्होड्स आरंभीच्या सभासदांपैकी एक. वास्तू दोनदा आगीच्या भक्ष्यस्थानी पडली. सध्याची १८९६ सालची. वर्गणी भरली की सभासद, ही मंडळाची रीत अंगवळणी पडलेल्या आम्हांस मात्र येथील सभासदत्वाची कथा विटांहून बोलकी वाटते. लंडनच्या ईस्ट एंडमधील ज्यू दुकानदाराचा मुलगा बार्नी बार्नाटो खाणींचा धनी झाला, तरी क्लबचे दार त्यास बंदच. अखेर १८८८ सालच्या डी बिअर्स विलीनीकरणाच्या सौद्यात हा प्रवेशही घातला गेला! हिरे खणणारे कृष्णवर्णीय मजूर १८८५ पासून कुंपणबंद आवारांत कोंडलेले असत. त्यांच्या प्रवेशाची गोष्ट कोणी काढलीच नाही. तेथील प्रचंड खाण १९१४ साली बंद पडली.