हरवलेली घोषवती

भासाच्या स्वप्नवासवदत्तांत उदयनाची घोषवती वीणा नर्मदातीरींच्या झुडुपांत सांपडते, आणि ती पाहून राजा वासवदत्तेच्या आठवणीनें व्याकूळ होतो. हा प्रसंग वाचतांना सरस्वतीच्या हातची लांब दांड्याची वीणा आपल्या डोळ्यांपुढें येते. परंतु प्राचीन काळीं ज्या वीणेचा मान मोठा, ती धनुष्याकृति होती; पाश्चात्त्य ज्यास हार्प म्हणतात त्याच जातीची. मळवलीजवळच्या भाजें लेण्यांत ती वाजविणारी आकृति सुमारें दोन हजार वर्षांपूर्वीं कोरलेली आहे, आणि समुद्रगुप्त आपल्या सुवर्णनाण्यावर तीच मांडीवर घेऊन बसला आहे.

मग ती गेली कोठें?

ह्या जातींत प्रत्येक स्वरास स्वतंत्र तार असते. यूरोपांत ही अडचण पट्टी बदलतांना जाणवली. कार्ल फिलिप इमॅन्युएल बाखनें १७६२ सालीं एकट्या हार्पासाठीं सोनाटा रचला; परंतु आम्हांस अधिक ओढ आहे ती लुई श्पोरच्या व्हायोलिन-हार्पाच्या सोनाट्यांची. त्याची पत्नी डोरेट कुशल हार्पवादक. त्यांचा विवाह १८०६ चा. तारांवरील ताण कमी व्हावा म्हणून श्पोर हार्प अर्ध्या स्वरानें उतरवून लावी, आणि व्हायोलिन एका पट्टींत तर हार्प दुसऱ्या पट्टींत लिही. ऐकणारास मात्र दोन्ही एकच! पुढें १८१० सालीं एरारनें प्रत्येक पेडल दोन टप्प्यांनीं दाबतां येईल असें हार्प सिद्ध केलें, आणि सर्व पट्ट्या मोकळ्या झाल्या. डोरेटच्या प्रकृतीस तें नवें जड वाद्य झेपलें नाहीं. १८२० च्या लंडनच्या दौऱ्यानंतर तिनें हार्प सोडून पियानो धरला. इतिहासग्रंथांत एरारचें पान मोठें असतें. आमचें मन डोरेटपाशींच रेंगाळतें.

आपल्याकडे पट्टी बदलण्याची निकड नव्हती. हवी होती मींड. ती मोकळ्या तारेवर निघणें कठीण, दांड्यावर दाबलेल्या तारेवर सहज. म्हणून, आमच्या मतें, हार्प मागें पडलें आणि वीणा हें नांव दांड्याच्या वाद्याकडे गेलें. ब्रह्मदेशांत मात्र धनुष्याकृति वीणा साउंग नांवानें आजही वाजते. मध्यप्रदेशांतील परधान गायकांनीं तिचेंच एक रूप बीनबाजा म्हणून विसाव्या शतकापर्यंत सांभाळलें. राजसभेनें टाकलेलें रानानें जपलें.

आमच्या पालघर-बोईसर-तारापूरच्या बाजूस तर हार्पाला दूर सारणाऱ्या वाद्याचेंच साधें भावंड भेटतें. वारल्यांची घांगळी ती: एक दांडा, त्यास जोडलेले भोपळे आणि तारा. तिच्या साथीनें भगत धान्यदेवता कणसरीची कथा गातो. तारपा येथील शाळकरी मुलेंही चित्रांवरून ओळखतात. घांगळी म्हटलें कीं शिकलेल्या घरांत ती कसली म्हणून विचारतात.