सोमवारचे अन्न आणि परसातली भाजी

भाद्रपद शुद्ध पंचमीला, गणपती बसल्याच्या दुसऱ्या दिवशी, आपल्याकडे ऋषीची भाजी होते. बैलाच्या कष्टाचे खायचे नाही, हा त्या दिवसाचा नेम. म्हणून परसात हाताने लावलेलेच चालते. अळू, भोपळा, दोडके, भेंडी, माठ, मक्याचे कणीस हे सारे एकाच्याच परसात क्वचितच मिळायचे. मग एका घरचा अळू दुसरीकडे जाई आणि तिकडून दोडकी येत. व्रताच्या निमित्ताने शेजारधर्मही पाळला जाई.

या देवघेवीचे मोल कळण्यासाठी आपल्या सुरतेचाच इतिहास पाहावा. 1630 ते 1632 या काळात गुजरात आणि दख्खन भीषण दुष्काळात होरपळले. पीटर मंडी हा इंग्रज व्यापारी 1630 च्या नोव्हेंबरात सुरतेहून बुऱ्हाणपूरमार्गे आग्र्याला निघाला. वाटेवरच्या उपासमारीचे आणि प्रेतांचे वर्णन त्याने लिहून ठेवले आहे. खानदेशातून सुरतेला आलेल्या आपल्यातल्या अनेक कुटुंबांची वाटही याच तापीकाठची. त्याच दुष्काळात देहूला तुकोबांची पहिली पत्नी गेली.

शाहजहानने बुऱ्हाणपूर, अहमदाबाद आणि सुरत प्रांतात लंगर उघडवले. बुऱ्हाणपुरात दर सोमवारी पाच हजार रुपये वाटले जात. वीस सोमवारांत एक लाख झाले, अशी नोंद ‘बादशाहनाम्या’त आहे. सोमवार हा बादशहाच्या राज्यारोहणाचा वार, म्हणून तो निवडला होता.

पुढे 1965 मध्ये देश परदेशी गव्हावर अवलंबून असताना लालबहादूर शास्त्रींनी सोमवारी संध्याकाळचे जेवण सोडण्याचे आवाहन केले. आपल्या कितीतरी घरांत त्या संध्याकाळी चूल पेटली नाही. एका सोमवारी राजाने दिले, दुसऱ्या सोमवारी प्रजेने सोडले.

परसातली भाजी दुष्काळ हटवत नाही, हे खरेच. पाऊसच नसेल तर अळू तरी कुठून येणार? पण धान्य आणि भाजी यांत एक फरक आहे. धान्य कोठारात दडवता येते. ते बाहेर काढायला हुकूम लागतो, नाहीतर आवाहन. गिलके मात्र दोन दिवस जास्त राहिले की जून होते आणि त्याची घासणी होते ती भांडी घासायला. ते साठवता येत नाही, म्हणून वेळेवर देणे हाच त्याचा खरा उपयोग. आपल्या आज्या-पणज्यांना हे कुणी शिकवावे लागले नाही.

आता परस गेले, फ्लॅट आले. फ्रीज आल्यापासून भाजीही दडवता येऊ लागली. आठवड्याने ती काळी पडते आणि कचऱ्याच्या गाडीत जाते. याच शहरात यंत्रमागावर राबणाऱ्या कितीतरी घरांत मात्र भाजी रोज परवडत नाही.

अजूनही कुणाच्या बंगल्यात शेवगा आहे, कुणाच्या गच्चीवर कढीपत्ता, कुणाच्या दारात पपई. यंदा मंडपाच्या दाराशी एक टोपली ठेवू या. उरलेसुरले नको, त्याच सकाळी तोडलेले घालावे. ज्याला हवे त्याने न विचारता न्यावे. गुजराती शेजारणीने आपला अळू नेऊन त्याची पात्रा केली आणि त्यातल्या दोन वड्या परत आल्या, तर ऋषीची भाजी खऱ्या अर्थाने पावली असे समजावे.