घोंगडी गिळणारा बोआ आणि दोन खोपटी

ऑनसाइटला लंडनला होतो तेव्हाची गोष्ट. टीममधल्या एका गोऱ्याकडे जेवायला गेलो, तर हॉलमध्ये टीव्हीशेजारी काचेची मोठी पेटी आणि आत एक कॉर्न स्नेक! (आपल्याकडे साधी धामण जरी घरात पाळली तरी १९७२चा वन्यजीव कायदा आड येतो. तिकडे मात्र हौसेनं पाळतात.) पेटीचं एक टोक गरम, दुसरं थंड, आणि लपायला दोन्हीकडे एकेक खोपटं. "दोन कशाला?" मी विचारलं. म्हणाला, "एकच ठेवलं तर ऊब की आडोसा, यातलं एकच त्याच्या वाट्याला येईल."

बास, शनिवार त्यातच गेला.

लंडनच्या झूमध्ये १८४९ साली जगातलं पहिलं रेप्टाइल हाऊस सुरू झालं. सापांना थंडी वाजू नये म्हणून पेटीत चक्क लोकरीची घोंगडी ठेवत. आता घोंगडी काही ऊब तयार करत नाही, अंगातली धरून ठेवते. आणि सापाच्या अंगात स्वतःची ऊब जवळपास नसतेच. म्हणजे माणसाची रिक्वायरमेंट सापाला चिकटवली! १८५१मध्ये तिथल्या एका बोआनं ती घोंगडीच गिळली आणि महिन्याभरानं ओकून टाकली. मला तरी हा बग रिपोर्टच वाटतो :-)

तो फिक्स व्हायला मात्र पाऊणशे वर्षं गेली. केला जोन प्रॉक्टरनं. जन्म १८९७चा, आयुष्यभर पोटाच्या दुखण्यानं हैराण, त्यामुळे कॉलेज राहूनच गेलं. पण शाळेत एकदा ही बया पाळलेली छोटी मगर घेऊन वर्गात गेली होती! १९२३मध्ये ती झूमध्ये सरपटणाऱ्या प्राण्यांची प्रमुख झाली आणि १९२७मध्ये तिच्या आराखड्याचं नवं रेप्टाइल हाऊस उघडलं. विजेची ऊब जागोजागी वेगवेगळी, म्हणजे वाळवंटातल्याला आणि जंगलातल्याला एकच हवा नाही. अतिनील किरण आत सोडणारी खास काच. बघ्यांच्या बाजूला अंधार, उजेड फक्त पेट्यांत. १९३१मध्ये ती गेली. वय अवघं ३४.

पुढची पायरी अमेरिकेतली. १९४४मध्ये काउल्स आणि बोगर्ट यांनी वाळवंटातल्या सरड्या-सापांवर काम करून दाखवून दिलं, की हे प्राणी उन्हात-सावलीत ये-जा करून स्वतःचं तापमान स्वतः सांभाळतात. म्हणजे थर्मोस्टॅट सापच आहे, आपण त्याला फक्त जागा द्यायची! अजगराला जेवणानंतर पुरेशी ऊब मिळाली नाही तर अन्न पचत नाही, कधी कधी ओकून पडतं. गोऱ्याचं दुसरं खोपटं इथून आलं.

जोनच्या इमारतीत जवळजवळ शतकभर साप राहिले. २०२४मध्ये झूनं त्यांच्यासाठी नवं घर उघडलं.

परवा गोऱ्यानं फोटो पाठवला. दोन्ही खोपटी रिकामी, आणि महाराज पाण्याच्या भांड्यात वेटोळं घालून बसलेत.